बिदरीचा काळा आणि तेलाचा शेवटचा हात

बिदरीची, म्हणजे चांदीची नक्षी जडवलेल्या काळ्या भांड्यांची, गोष्ट सांगणारा हटकून मातीपाशी येऊन थांबतो. बीदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. हे खरंच आहे. पण मातीनंतर भांड्याला तेलाचा हात दिला जातो, आणि इतिहास लिहिणारे तो अर्ध्या वाक्यात उरकतात. भालकीत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या मला हे सलतं.

अहमदशाह वली बहमनीने (कारकीर्द १४२२ ते १४३६) राजधानी कलबुर्गीहून बीदरला हलवली आणि त्याच सुमारास इराणी कारागीर इथं आले, असं परंपरा सांगते. आज जपलेल्या सर्वांत जुन्या वस्तू मात्र सोळाव्या शतकाची अखेर ते सतरावं शतक या काळातल्या. १८५१ साली बिदरी लंडनच्या महाप्रदर्शनात पोचली, २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री.

भांडं ओततात ते मुख्यतः जस्ताचं, थोडं तांबं घालून. कानस मारून झाली की मोरचुदाचं पाणी फिरवतात. तेवढ्यापुरता काळसर झालेल्या पृष्ठभागावर कलमाने नक्षी कोरतात, खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात आणि पुन्हा घासतात. आता सगळं एकाच राखाडी रंगाचं; नक्षी शोधावी लागते. मग भांडं जरा तापवून मातीत नवसागर कालवलेला लेप चोळतात. बघता बघता जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच झळकते. सुझन ला नीस आणि ग्रॅहॅम मार्टिन या संशोधकांनी जुन्या वस्तू तपासून १९८७ साली निष्कर्ष छापले: या काळ्यासाठी जस्तात तांबं लागतंच.

आडोशाच्या मातीचा आग्रहही उगाच नाही. तिच्यातला सोरा, म्हणजे नायट्रेट, पाण्यात चटकन विरघळतो आणि मातीच्या कणांना फारसा धरून राहत नाही. एका पावसाळ्यात वाहून जातो. अवरक्त वर्णपटात नायट्रेटची खूण १३८५ या तरंगसंख्येच्या (प्रति सेंमी) आसपास ठळक उमटते. कारागिराची जीभ तेच हुडकते.

आता तेल. आमच्या घरचं पानदान आई दिवाळीआधी खोबरेल लावून पुसायची. बीदरच्या गल्ल्यांत कुठे खोबरेल, कुठे शेंगदाण्याचं. लेपाने जस्त खाल्लं जाऊन पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो, आणि तेलाचे रेणू त्याला धरतात. ते नुसते पसरून राहतात की जस्ताशी बांधले जातात, हे डोळ्यांना कळत नाही. अवरक्त किरणांना कळतं. ताज्या तेलाची खूण त्याच मापात १७४० पाशी असते. तेलातलं आम्ल जस्ताशी जोडलं गेलं की साबणासारखं संयुग बनतं आणि खूण १५४० च्या आसपास सरकते. जस्ताचा सफेदा वापरलेल्या युरोपातल्या तैलचित्रांमध्ये असे जस्त-साबण अभ्यासकांनी पुष्कळ पाहिले आहेत. धातूच्या चकचकीत पृष्ठभागावर किरण अगदी तिरपे सोडले तर एका रेणूच्या जाडीचा थरही टिपता येतो.

खोबरेलात बारा कार्बनचं लॉरिक आम्ल भरपूर, शेंगदाण्याच्या तेलात अठरा कार्बनची ओलिक आणि लिनोलिक. दोघांचा थर एकसारखा कसा असेल? माझ्या मते कुठल्या घराण्यात कुठलं तेल वापरत, हेही बिदरीच्या इतिहासातच मोडतं, आणि ते कारागिरांकडून आत्ताच लिहून घ्यायला हवं. बीदर-कलबुर्गीच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या मुलांना याहून चांगला प्रकल्प दुसरा नाही.

तुमच्या घरी जुनी बिदरी असेल तर चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर तिला लावू नका. मऊ फडक्याने पुसा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा की ते तिला कुठलं तेल लावत असत.