खुडूक

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात कोंबडी ‘खुडूक’ झाली म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अंडी बंद, दाणापाणी नावापुरतं, पिसं फुगवून बाई डालग्याखाली ठाण मांडून. हात घाला, चोच बसलीच! तिचा तो दबका, घोगरा ‘खुड् खुड्’ आवाजच नावाला चिकटलेला दिसतो. हिंदीतली ‘कुड़क’ मुर्गीही त्याच घरची. भाजी खुडण्याशी त्याचं नातं जोडणं मला तरी पटत नाही.

काम न करता कोपरा धरणाऱ्यालाही आपण खुडूक कोंबडी म्हणतो. हा मात्र अन्याय. पोटाखालची पिसं गाळून ती उघड्या कातडीची ऊब देते, अंडी दिवसातून कितीदा तरी उलटीपालटी करते, तेव्हा 21व्या दिवशी पिल्लं कवच फोडतात. लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांमधून माणसानं निवड करकरून हा गुण जवळजवळ घालवला; म्हणून उबवणीला गावरानच लागते. ज्यांना पिल्लं नकोत, नुसती अंडी हवीत, ते खुडूक मोडायला तिला पाण्यात बुचकळतात, नाहीतर तिच्याच नाकात तिचंच पीस खोवतात.