सेल्फ उचलत नाही

परवा रात्री चुलतभावाचा फोन आला. काकांचा जुना ट्रक त्याने अजून ठेवलाय. "अरे, सेल्फ उचलत नाही. नुसता 'टक्' वाजतो. नवी बॅटरी टाकू का?"

"थांब," म्हटलं, "आधी दिवे लावून बघ."

हे शहाणपण माझं नाही. त्यामागे घरातली एक जुनी गोष्ट आहे, पण त्याआधी थोडा इतिहास सांगतो.

आपण 'सेल्फ' म्हणतो तो मूळचा सेल्फ-स्टार्टर, म्हणजे स्वतःहून चालू करणारा. त्याआधी पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. काका तरुणपणी पेट्रोल ट्रकवर क्लीनर होते. ते सांगायचे की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडलंच समजा! बायरन कार्टर हा अमेरिकन मोटार उत्पादक असाच हँडल लागून जखमी झाला आणि पुढे वारला. त्यामुळे कॅडिलॅकचे हेन्री लेलँड हळहळले आणि यावर उपाय शोधायच्या मागे लागले, असं नेहमी सांगितलं जातं.

तो उपाय ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने काढला. इंजिन फिरवेल एवढी मोटर गाडीत मावणार नाही, असं तेव्हा जाणकारांना वाटे. केटरिंगने पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला छोटी मोटर बसवली होती. गल्ला उघडण्यापुरतं क्षणभर काम करायचं आणि मग विश्रांती. इथेही तेच! मोटर दिवसभर थोडीच चालवायचीय? काही सेकंद तिच्याकडून झेपेल त्याहून जास्त काम घ्यायचं. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो मिळायला 1919 उजाडलं. आणि आपले मेकॅनिक ज्याला 'बेंडिक्स' म्हणतात, ते विन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन माणसाचं आडनाव आहे.

पण या युक्तीची किंमत केबलला मोजावी लागते. त्या काही सेकंदांत शेकडो अँपिअर करंट वाहतो. 12 व्होल्टची बॅटरी आणि 300 अँपिअर धरा. वाटेतल्या एखाद्या गंजक्या सांध्याचा रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग असला, तरी तिथेच 3 व्होल्ट गळतात. हॉर्नला लागतात जेमतेम पाच-सात अँपिअर, त्यामुळे तो त्याच सांध्यातूनही ठणठणीत वाजतो. आणि आपण फसतो.

काकाही असेच फसले. 1984 सालची गोष्ट. लासलगावहून कांदा भरून मुंबईला निघायचं होतं आणि पहाटे सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प. भरलेला ट्रक ढकलणार कोण? काका क्लीनर पोरावर कडाडले, "रात्री दिवे चालू ठेवून झोपलास!" तो शपथा घेत होता. काकांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. दुसऱ्या ट्रकने ओढून गाडी चालू केली. पुढे नवी बॅटरी आली, सेल्फचं वाइंडिंग करून घेतलं, तरी महिन्याभरात पुन्हा 'टक्'.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने दिवे लावायला सांगून सेल्फ मारला. दिवे लख्ख, जराही मंद झाले नाहीत. "बॅटरी उतरली असती तर दिवे मेले असते. करंट मोटरपर्यंत पोचतच नाही," तो म्हणाला. त्याने बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या अंगाला एक जाड केबल लावली. सेल्फ लगेच फिरला! इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी बोल्टखाली पार गंजली होती. करंट जायला वाट होती, परतायला नव्हती.

काका बराच वेळ बोलले नाहीत. त्या पहाटेही दिवे लख्खच होते. पोराच्या बाजूने साक्ष समोर जळत होती, आणि ती कोणी वाचली नव्हती.

काका त्याच्या गावी गेले आणि राहिलेला पगार आईच्या हाती दिला. पोरगा दुसऱ्या गाडीवर लागला होता, तो परत आला नाही. त्यानंतर गाडीत काही बिघडलं की काका आधी केबलला हात लावत, माणसाला नंतर बोलत.

भावाला म्हटलं, मायनस आधी काढ आणि शेवटी लाव. टर्मिनलवर मोरचुदासारखं निळं-हिरवं काही साठलं असेल तर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धू. बोल्टखालचा पत्रा चमकेपर्यंत घास.

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. तो काही बोलला नाही, फोन इंजिनाजवळ धरला होता.