दुखरी पाठ आणि लांबचा प्रवास
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हाताला प्लॅस्टर असलं की बसमध्ये कोणीतरी उठून जागा देतं. पाठीत कळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. आणि अशा माणसानं चार दिवस कुठं फिरून यायचं ठरवलं की हमखास ऐकावं लागतं, 'एवढं दुखतं म्हणता, मग प्रवास बरा जमतो!' आज ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे, त्यांच्याबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनाही हेच कोडं पडलं होतं. घरी आजारी आणि परदेशात घोड्यावर, हे कसं?

त्यांचं नाव इझाबेला बर्ड. जन्म १८३१, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वडील धर्मोपदेशक. त्याआधी ते कलकत्त्यात वकिली करून परतले होते. इझाबेलाबाईंची पाठ लहानपणापासूनच दुखरी. १८५० साली मणक्याजवळची एक गाठ शस्त्रक्रिया करून काढली, पण दुखणं गेलं नाही. झोप लागत नसे, थोड्या श्रमानं गळून जायला होई. डॉक्टरांनी समुद्रप्रवास सुचवला, म्हणून १८५४ मध्ये वडिलांनी शंभर पौंड हातावर ठेवले आणि पैसे पुरतील तोवर फिरून ये म्हणून अमेरिकेला धाडलं. परत आल्यावर आजारपण पुन्हा सुरू. १८७२ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्या पुन्हा मोठ्या प्रवासाला निघाल्या.

पुढच्या वर्षी त्या हवाई बेटांवर पोहोचल्या. तिथं एक साधी गोष्ट घडली, पण तिनं त्यांचं पुढचं आयुष्य बदललं. बायकांनी दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून घोड्यावर बसायचं, ही इंग्लंडातली सभ्य रीत. त्या बैठकीत कंबर पिळवटते, आणि बाईंची पाठ आधीच दुखरी. हवाईतल्या बायका मात्र सरळ दोन्हीकडे पाय टाकून बसत. इझाबेलाबाईंनी तसंच मेक्सिकन पद्धतीचं खोगीर घेतलं आणि त्यावर बसून किलाउएया ज्वालामुखी पाहून आल्या. दुखणं बरं झालं नव्हतं, बसायची पद्धत बदलली होती. पुढे लंडनच्या 'टाइम्स'नं त्यांचा पोशाख पुरुषी ठरवला, तेव्हा त्यांनी चिडून पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पोशाखाचा खुलासा छापला.

प्रवासाची आखणी कशी करावी हे पाहायचं, तर त्यांचा १८७८ चा जपानचा प्रवास पाहावा. प्रकृतीसाठीच त्या घराबाहेर पडल्या होत्या. टोकियोहून उत्तरेला, जिथं परदेशी माणूस फारसा जात नसे, तिकडे जायचं ठरलं. बरोबर इतो नावाचा अठरा वर्षांचा दुभाषा. सामानाचं वजन ११० पौंड, म्हणजे सुमारे पन्नास किलो. इतोचं वजन ९० पौंड. दोन्ही मिळून जपानी घोड्याला झेपेल एवढंच ओझं, हा हिशेब त्यांनी निघण्यापूर्वीच केला होता.

त्या सामानात काय होतं? घडीची खुर्ची, कारण जपानी घरात जमिनीवरच बसायचं आणि टेकायला भक्कम भिंतसुद्धा नाही. हवा भरायची उशी. दोन मिनिटांत जोडता येणारी, अडीच फूट उंचीची कापडी खाट. स्वतःचं खोगीर. खाण्याला चार पौंड बेदाणे, चॉकलेट आणि थोडासा मांसाचा अर्क. लोकांनी दिलेले बाकीचे सल्ले त्यांनी बाजूला सारले. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येतं, की कुठं टेकायचं, कशावर आडवं व्हायचं, कशावर बसायचं, याची उत्तरं त्यांनी गाठीला बांधून घेतली होती. टप्प्याटप्प्यावर ठरलेल्या दरानं घोडे देणारी एक कंपनी तिथं होती, त्यामुळे दमलेल्या अवस्थेत घासाघीस करण्याचीही वेळ येत नसे. सुरुवातीलाच निक्कोला त्यांनी दहाएक दिवस मुक्काम केला.

तरीही आखणी पुरली नाही. जुलैच्या अखेरीस, पावसापाण्यातून ओदातेला पोहोचल्यावर त्यांनी घरी लिहिलेलं पत्र फार प्रांजळ आहे. पाठ इतकी दुखत होती, की कित्येक दिवस सात-आठ मैलांपलीकडे जाणं होत नव्हतं. आधी आपलं खोगीर, मग ओझ्याच्या घोड्याचं खोगीर, मग चिखलातून पायी, असं सगळं करून पाहायचं आणि मुक्कामाला पोहोचताच आडवं व्हायचं. उत्तर जपानात धडधाकट माणसांनीच प्रवास करावा, असंही त्यांनी लिहून टाकलं. पण त्यांनी मजल कमी केली, प्रवास सोडला नाही. ऑगस्टमध्ये त्या समुद्र ओलांडून होक्काइदोला गेल्या आणि ऐनू लोकांच्या वस्तीत राहिल्या.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. खोली शोधणं, घोडे ठरवणं, जेवणाचं बघणं हे इतो करत होता. घोड्यापुढे चिखल तुडवत चालणाऱ्यांत खेड्यातल्या बायकाही होत्या. बाईंकडे पैसा होता आणि परतायची घाई नव्हती. दुखऱ्या माणसाचा प्रवास असा अनेकांच्या हातांवर चालतो, आणि ज्याला ते हात मिळत नाहीत त्याची वाट अधिक अवघड.

१८८९ मध्ये त्या भारतात आल्या, काश्मीर आणि लडाख पाहिलं. नवरा आणि बहीण यांच्या स्मरणार्थ श्रीनगर आणि अमृतसर इथं रुग्णालयं उभारायला मदत केली. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं प्रथमच स्त्रियांना सदस्य करून घेतलं, त्यांत त्या होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९०१ मध्ये, मोरोक्कोत त्यांना उंच घोडा मिळाला. त्यावर चढायला त्यांनी शिडी जवळ ठेवली. १९०४ मध्ये एडिंबरात त्यांचं निधन झालं.

तेव्हा सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. फिरता येतं म्हणजे दुखत नाही, असा अर्थ आपण काढतो. पण जी बाई घडीची खुर्ची, खाट आणि शिडी बरोबर बाळगते, तिला आपलं दुखणं क्षणभरही विसरता आलेलं नसतं. आपल्या घरातलं असं कोणी पुढच्या वेळी प्रवासाला निघेल, तेव्हा 'जमेल का?' असं विचारण्याऐवजी 'मध्ये कुठं थांबायचं?' एवढं विचारावं. आणि त्यांनी सात-आठ मैलांवर थांबू म्हटलं, तर थांबावं.