चौदा वर्षांची आई

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्या पदवीपूर्वीच्या मातृत्वाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. १८६५ साली जन्मलेल्या यमूचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. त्या काळी हे दुःख आपल्या घरांतून नवलाचे नव्हते. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढीत.

१८८३ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी स्त्रीवैद्यांची निकड सांगितली आणि त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या वर्गात त्या अठराव्या वर्षी बसल्या, तेव्हा गेलेल्या मुलाचे दुःख त्यांच्या गाठीशी होते. १८८६ च्या पदवीसाठी त्यांनी हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. ही निवड आम्हांला योगायोगाची वाटत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या पुण्यात वारल्या.

पुढे १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर आणले, तेव्हा पुण्यातच त्याला कडाडून विरोध झाला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरविले. म्हणजे आनंदीबाईंनी ज्या वयात मूल गमावले, त्या वयापर्यंत लग्न लांबविण्यास कायद्याला आणखी पन्नास वर्षे लागली! आज ती मर्यादा अठरा आहे. कायदा इथवर आला. आपली मने कुठवर आली, हे आपणच आपापल्या घरी तपासावयाचे आहे.