एलईडी फ्लडलाइट का लुकलुकतो?

यवतमाळ, प्रतिनिधी - दसरा आटोपला की यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव परिसरातील जिनिंग कारखान्यांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि आवारातील दिवे रात्री उशिरापर्यंत सुरू राहतात. पूर्वी तेथे ५०० वॅटचे हॅलोजन असत. त्यांची जागा आता एलईडी फ्लडलाइटने घेतली आहे. विजेची बचत झाली, पण लुकलुकण्याची तक्रार अंगणापासून मैदानापर्यंत सर्वत्र ऐकू येते. अनेकदा नवा दिवा लावूनही ती थांबत नाही, कारण दोष दिव्यात नसून जोडणीत असतो. अशा वेळी दुर्लक्ष केल्यास आगीचा धोका संभवतो.

हॅलोजन का लुकलुकत नसे?

हॅलोजनची तार तापून प्रकाश देते. वीजदाब क्षणभर उतरला तरी तारेतील उष्णता टिकून राहते. एलईडी मात्र प्रवाहातील बदलाला तत्काळ प्रतिसाद देते. आपल्याकडील २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करतो. त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करण्याचे काम दिव्यातील 'ड्रायव्हर' करतो. त्यातील कपॅसिटर कमकुवत असल्यास प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. हे डोळ्यांना सहसा जाणवत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास मात्र आडवे पट्टे दिसतात. अशा प्रकाशात फिरणारे यंत्र स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. यंत्राजवळ काम करणाऱ्यांसाठी तो घातक आहे.

लुकलुक केव्हा होते?

मोटार सुरू होताच प्रकाश मंदावत असेल, तर वीजदाब उतरतो आहे. कृषिपंप किंवा जिनिंगची मोटार सुरू होताना खूप प्रवाह ओढते. लांब व बारीक तारेवर त्याचा परिणाम अधिक होतो.

वारा सुटल्यावर किंवा खांब हलल्यावर दिवा मिचमिचत असेल, तर जोड सैल आहे. सैल जोडातून ठिणग्या उडतात आणि तो तापतो. रुईचे तंतू साचलेल्या जागी एवढे कारण आग लागण्यास पुरेसे ठरते.

अर्ध्या तासाने दिवा विझून थंड झाल्यावर पुन्हा लागत असेल, तर ड्रायव्हर तापतो आहे. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उष्णतेत कपॅसिटर लवकर निकामी होतात.

पावसानंतरच दोष दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे. बटण बंद करूनही दिवा मंद मिणमिणत असेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असण्याची शक्यता असते. बटणातील छोट्या निर्देशक दिव्यामुळेही असे घडते. सायंकाळी आपोआप लागणारा दिवा वारंवार चालू-बंद होत असेल, तर त्याचाच प्रकाश सेन्सरवर पडतो आहे. सेन्सरची दिशा बदलावी.

उपाय काय?

प्रथम मेन स्विच बंद करावा व परवानाधारक वायरमनकडून जोड तपासून घ्यावेत. पिळून चिकटपट्टी लावलेल्या जोडांऐवजी जलरोधक पेटीत कनेक्टर बसवावा. दिव्याला अर्थिंग असावे. एलईडीसाठी नसलेला डिमर काढून टाकावा. ड्रायव्हर स्वतंत्र असल्यास तेवढाच बदलता येतो. मात्र नव्याचे वॅट, व्होल्ट व प्रवाह जुन्याशी जुळले पाहिजेत. खरेदी करताना 'आयपी ६५' दर्जा, चालू शकणाऱ्या वीजदाबाची मर्यादा आणि हमीचा काळ पाहावा.

घरातील सर्वच दिवे एकाच वेळी कमी-जास्त होत असतील, तर न्यूट्रल सैल असू शकते. तीन फेजच्या जोडणीत अशा वेळी एखाद्या फेजवरील दाब २३० व्होल्टच्या बराच वर जातो आणि उपकरणे जळतात. तेव्हा मेन स्विच बंद करून महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी.