नागापूरचें पाणी आणि गांवाचा हिशेब

अहमदनगर शहराच्या उत्तरेस, सीना नदीच्या कांठीं नागापूर हें गांव आहे. आज तेथें कारखान्यांची वसाहत वसली असून शहराचें नांवही आतां अहिल्यानगर झालें आहे. परंतु निजामशाहीच्या अमदानींत नागापूरचें महत्त्व पाण्याकरितां होतें. अहमद निजामशहानें १४९० मध्यें राज्य स्थापिलें, १४९४ मध्यें शहराची उभारणी सुरू केली, आणि पुढें आसपासच्या गांवांहून भाजलेल्या मातीच्या नळांनीं शहरांत पाणी आणण्यांत आलें. हेच ते प्रसिद्ध खापरी नळ. कापूरवाडी, शेंडी, वडगांव यांच्याप्रमाणें नागापूरहूनही असा एक नळ निघत असे. केवळ जमिनीचा उतार आणि वाटेंत हवा खेळण्यासाठीं बांधलेले उसासे, एवढ्यावर तें पाणी शहरांतील वाड्यांत व बागांत जाऊन पोंचे. कारागिरी वाखाणण्याजोगी खरी. मात्र ज्या गांवांचें पाणी गेलें, त्यांच्या पिकांना मागें काय उरलें, हा प्रश्न इमारतींची स्तुति करणारांना सहसा सुचत नाहीं.

जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा संसार मात्र याच प्रश्नावर अडत आला. पाऊस थोडा, तोही लहरी. जमीन पुष्कळ ठिकाणीं उथळ. बाजरी-ज्वारी साधली तर वर्ष निघे, नाहीं तर सावकाराचें दार ठरलेलें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें उसळलेला दंगा बघतां बघतां नगर, पारनेर, श्रीगोंदें या तालुक्यांत पसरला. लोकांनीं मुख्यतः मागितले ते कर्जरोखे, आणि हातीं येतांच ते जाळून टाकले. सरकारनें चौकशी नेमली व १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानें कोर्टांत ऋणकोला थोडा आधार मिळाला. विहिरींतलें पाणी कांहीं त्यानें वाढलें नाहीं.

पाण्याचा मोठा उपाय झाला तो उत्तरेस. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, कालव्यांखालीं ऊस डोलूं लागला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. त्या यशाचें मोल कोणीं कमी लेखूं नये. परंतु तें पाणी नगर-पारनेरच्या माळांवर चढणारें नव्हतें, आणि १९७२ च्या दुष्काळांत त्या माळांवरील कुणबी खडी फोडण्यास बसला.

त्याच दुष्काळानें पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे या अभियंत्यास वेगळा विचार सुचविला. नायगांवच्या त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम मोजकेच, पण विलक्षण होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न वांटतां माणशीं वांटावें. दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें, कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. भूमिहीनालाही वांटा असावा. ऊस लावूं नये. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाऊं नये. पाणी ज्याच्या विहिरींत त्याचें, ही पिढीजाद समजूतच येथें बाजूस सारली गेली. नगर जिल्ह्यांत राळेगण सिद्धी येथें अण्णा हजारे यांनीं १९७५ नंतर ओढे-नाले अडविण्याचें काम हातीं घेतलें.

खुद्द नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें या मालिकेंतील पुढचें गांव. १९८९ मध्यें पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हां तेथील डोंगर उघडे पडलेले आणि तरुण माणसें रोजगारासाठीं शहराकडे गेलेलीं होतीं. श्रमदानानें डोंगरउतारांवर चर खणले गेले, झाडें लावलीं, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी झाली. मोकळ्या चराईस मज्जाव, पण गवत कापून नेण्यास मुभा. या एका भेदामुळें वैरण वाढली, आणि वैरणीमागून दूध आलें. ज्याच्या घरीं जमीन थोडी किंवा मुळींच नाहीं, त्याला गाईचा आधार मिळाला. १९९५ च्या पाहणींत गांवांतील १८२ कुटुंबांपैकीं १६८ दारिद्र्यरेषेखालीं होतीं. २०१० च्या सुमारास तशीं तीनच उरलीं. गेलेलीं कित्येक कुटुंबें परतलीं.

तथापि चर आणि बांध पुष्कळ गांवांनीं घातले; तेवढ्यानें सर्वांचें साधलें नाहीं. अडविलेलें पाणी एखाददुसऱ्या बागाइतदाराच्या खोल कूपनलिकेनें उपसून नेलें, तर शेजाऱ्यांचें श्रमदान त्याच्या पदरांत पडतें. म्हणून हिवरे बाजारनें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास बंदी केली आणि उसालाही गांवाबाहेर ठेवलें. पुढें पाण्याचें अंदाजपत्रक आलें. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं दहा हजार लिटर पाणी होतें. पर्जन्यमापकावरील आंकडा आणि विहिरींची पातळी पाहून एकंदर जमेची बाजू काढतां येते. खर्चांत प्रथम माणसांचें व जनावरांचें पिणें, मग पिकें. हा हिशेब ग्रामसभेंत मांडला जातो. पाऊस कमी झालेल्या वर्षीं गव्हाचें क्षेत्र आंखडावयाचें आणि थोड्या पाण्यावर येणाऱ्या पिकांकडे वळावयाचें, असें तेथें ठरतें. ज्याची विहीर कांठोकांठ भरलेली दिसते, त्यालाही तोच नियम लागू असतो.