दादासाहेब मावळंकर आणि प्रश्न विचारणारे सभागृह

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांच्या आठवणी अजून निघतात. पण लोकसभेचे पहिले अध्यक्ष याच शहरात जन्मले, हे आपल्या मुलांना सांगायचे मात्र राहून जाते. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ चा. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. कर्मभूमी मात्र अहमदाबाद. तेथे त्यांनी वकिली केली, नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवासही सोसला.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ च्या जानेवारीत दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. दादासाहेब ६६ विरुद्ध ६३, म्हणजे अवघ्या तीन मतांनी निवडून आले. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेत चित्र पालटले होते. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध त्यांना ३९४ मते मिळाली. विरोधात पडली ५५.

खरी अडचण येथेच होती. राज्यघटनेप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. पण सभागृहात एकाच पक्षाचे एवढे बळ असताना सरकार पाडण्याची भीती कोण घालणार? मग जबाबदारी वसूल करायची ती रोजच्या कामातून. दादासाहेबांनी नेमके हेच काम अंगावर घेतले.

प्रश्नोत्तराचा तास त्यांनी काटेकोरपणे चालवला. १९५० मध्ये अंदाज समिती स्थापन झाली. सरकारी खर्चात काटकसर कोठे होईल, हे ती तपासते. तिचे सर्व सदस्य लोकसभेचेच असतात आणि मंत्र्याला तिच्यात जागा नाही. १ डिसेंबर १९५३ रोजी आश्वासन समिती आली. मंत्री सभागृहात उभे राहून ‘चौकशी करू’, ‘विचार करू’, ‘माहिती मागवू’ असे सांगतात आणि विषय तेथेच मिटतो, असा अनुभव होता. आता अशा प्रत्येक आश्वासनाची नोंद ठेवायची, ते पुरे झाले की नाही हे पाहायचे आणि सभागृहाला अहवाल द्यायचा, अशी व्यवस्था झाली. वटहुकूम काढण्याच्या सवयीबद्दलही त्यांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहून स्पष्ट नापसंती कळवली. निकडीच्या प्रसंगीच ते हत्यार वापरावे, एरवी कायदा सभागृहातूनच व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते.

विरोधकांना त्यांचे सगळेच पटत होते असे नाही. दादासाहेबांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नव्हते. शिवाय तहकुबीच्या सूचना ते सहसा स्वीकारत नसत. आता सरकार आपलेच आहे, त्याला जाब विचारण्याचे इतर मार्ग आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा विरोधकांचा आवाज दाबण्याचा प्रकार आहे, असे अनेकांना वाटे, आणि त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. दादासाहेब अध्यक्षांच्या खुर्चीवरून उतरले आणि उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवले. हा पक्षाचा प्रश्न मानू नका, असे नेहरूंनी आपल्या सदस्यांना सांगितले. ठराव फेटाळला गेला, पण अध्यक्षही जाब देण्यापासून सुटलेला नाही, हा पायंडा पडला.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी दादासाहेब गेले. त्यांनी बसवलेल्या घडीची कसोटी दुसऱ्याच वर्षी लागली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतल्याबद्दल १९५७ च्या सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला. मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही. डिसेंबरात फिरोज गांधींनी तो विषय तपशिलासह मांडला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार, आणि पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारचे बहुमत जागच्या जागी होते. तरी मंत्री गेला, तो एका प्रश्नाचा पाठपुरावा झाल्यामुळे.

उत्सव संपला की आपल्या मंडळाची सभा भरते. खजिनदार जमाखर्च वाचतात, कोणीतरी एखाद्या रकमेबद्दल विचारतो, आणि क्षणभर सभेत अवघडलेपण येते. विचारणारा बहुधा मंडळाचाच जुना कार्यकर्ता असतो. त्याला गप्प बसवू नये आणि त्याला दिलेले उत्तर वहीत टिपून ठेवावे. दादासाहेबांनी दिल्लीत एवढेच केले, फक्त वही देशाची होती.